दुधाच्या पातेल्यावरची झांज

मित्रांनो, मी एक जुनी झांज आहे. खरं सांगायचं तर अर्धी झांज. झांज नेहमी दोघींची असते. एका दोरीच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरी. आम्हीही दोघी होतो. आता मी एकटी आहे. तरी लोक मला झांजच म्हणतात, ही त्यांची माया.

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका तांबटाच्या भट्टीपाशी झाला. काशाचा रस साच्यात ओतला, थंड झाल्यावर ठोकून ठोकून आम्हाला पातळ केलं, पोटाला फुगवटा दिला, मधोमध दोरीसाठी भोक पाडलं. मग त्या तांबटाने अठरा चकत्या जमिनीवर मांडल्या आणि एकेक बोटावर टांगून वाजवत बसला. दुपार टळली तरी त्याचं चालूच.

त्याची बायको आतून म्हणाली, "जेवाय येतासा, का लगीन जुळवत बसलाय?"

"लगीनच की गं ह्ये," तो म्हणाला. "आवाजाला आवाज जुळाय पायजे. न्हाईतर नुसती झाकणं!"

अठरांतून त्याने आम्हा दोघींना उचललं. माझा आवाज जरा जाड, तिचा जरा बारीक. पण दोन्ही मिळाले की त्यातून तिसराच एक सूर निघायचा आणि तो बराच वेळ हवेत राहायचा. त्याने आम्हाला एका दोरीत ओवलं आणि जेवायला गेला. त्याचं ते झाकणांबद्दलचं बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

आम्हाला घेऊन गेले ते कृष्णात सर. सर एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि गुरुवारी नदीकडच्या एका गल्लीतल्या दत्ताच्या देवळात कीर्तन करायचे. डोक्याला फेटा, गळ्यात उपरणं, हातात आम्ही. माझ्या वाट्याला सुख आलं ते या देवळात. कीर्तन सुरू होण्याआधी उदबत्तीचा वास यायचा, बायका सतरंजीवर सरकून एकमेकींना जागा द्यायच्या, आणि मग सर आम्हाला एकदाच वाजवायचे. त्या एका आवाजाने सगळी कुजबुज थांबायची. देवाच्या दारात आपल्यामुळे शांतता झाली, याहून मोठं काय हवं काशाच्या तुकड्याला?

सरांच्या मागे तबल्यावर बाबासो असायचे. दिवसा त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. बोटांना ग्रीस, पण तबल्यावर पडली की तीच बोटं चंदन लावल्यासारखी वागायची. बावीस वर्षं त्या दोघांची जोडी होती. सर बोलण्यात रंगून कुठेतरी लांब गेले, तर बाबासो हळूच एक ठेका देऊन त्यांना परत आणायचे. सरांना चार शब्द सुनावायला ते घाबरायचे नाहीत.

"सर, मान जरा खाली घ्या," ते म्हणायचे. "फेटा चौकटीला लागंल. चौकट आदी बांधलीया, फेटा मागनं आलाय!"

सर हसायचे. तेव्हा हसायचे.

सरांचं नाव झालं ते एका आख्यानामुळे. तुम्हाला ठाऊक असेल, आमच्या कीर्तनाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात अभंगाचा अर्थ सांगायचा, आणि दुसऱ्या भागात गोष्ट, म्हणजे आख्यान. बाकीचे बुवा पुराणातल्या गोष्टी सांगत. सरांनी कॉलेजात जन्मभर शिकवलेल्या जुन्या इंग्रजी शोकांतिका मनात घोळवल्या आणि त्या सगळ्यांच्या सारातून स्वतःचं एक आख्यान रचलं.

एका शूर सरदाराची ती गोष्ट. त्याला किल्ल्याच्या सगळ्यांत उंच बुरुजावर बसायचं असतं. बुरुजाला जिना नाही, प्रत्येक मजल्याला फक्त शिडी. सरदार एक मजला चढतो आणि मागून कोणी येऊ नये म्हणून शिडी वर ओढून घेतो. पहिल्या मजल्यावर भाऊ मागे राहतो, दुसऱ्यावर मित्र, तिसऱ्यावर बायको. शेवटी तो शिखरावर पोचतो. तिथे मुकुट असतो. तो घालतो, राजा होतो. आणि मग त्याला तहान लागते. पाणी खाली असतं.

इथे सर आम्हाला अगदी हळू वाजवून गायचे:

वर चढे राजा । शिडी ओढी मागे ।
कोण त्याच्या संगे । शिखरासी ॥

लोक डोळे पुसायचे. पहिल्या रांगेत चिमणाबाई बसायच्या. त्याच गल्लीतल्या, ऐंशीच्या घरातल्या. एकदा त्यांनी भर कीर्तनात विचारलं, "सर, त्या मुडद्या राजाचं नाव काय?"

"नाव नाही ठेवलं मावशी," सर म्हणाले. "ज्याचं त्याने घालायचं."

मग सर समजावून सांगायचे. म्हणायचे, "मंडळी, त्या नाटकांतला नायक वाईट माणूस नसतो. चांगला असतो, चारचौघांहून मोठा असतो, म्हणून तर त्याचं वाईट वाटतं. त्याच्यात एकच खोट असते. 'मीच' ही ती खोट. कोणीतरी त्याला सांगत असतं, एखादा म्हातारा चाकर, एखादा विदूषक. पण तो ऐकत नाही. आणि पाचव्या अंकात त्याला कळतं, तेव्हा ऐकायला कोणी उरलेलं नसतं."

हे आख्यान आम्ही कबनूरला यंत्रमागांच्या खडखडाटावर आवाज चढवून केलं. राधानगरीला पत्र्यावरच्या पावसात केलं. जयसिंगपूरला तर शाळेच्या पटांगणात लोक भिंतीवर चढून बसले होते. पुढे पुढे मोबाइल आले. लोक कीर्तन थेट दाखवू लागले. सर घरी आले की आम्हाला खुंटीला टांगायचे आणि किती जणांनी पाहिलं ते बघत बसायचे. आधी आम्हाला मऊ फडक्याने पुसायचे, मग टांगायचे. आता पुसणं राहून जाऊ लागलं. दोरी भोकाजवळ झिजत होती. मला ते कळत होतं, पण झांजेला बोलता कुठे येतं?

बाबासोंची मुलगी संयोगिता तबल्याच्या पिशवीशेजारी बसूनच वाढली. सहाव्या वर्षी तिला सगळी पदं पाठ होती. सरांनी तिला स्वतःहून शिकवायला घेतलं. अर्थ कसा उलगडायचा, श्वास कुठे घ्यायचा, हात किती उचलायचा. सरांना मूलबाळ नव्हतं, पत्नी लवकर गेल्या होत्या. संयोगिता चुकली की सर रागवायचे, आणि तिचं गाणं जमून आलं की तोंड फिरवून डोळे टिपायचे. एकदा ते तिला म्हणाले, "तू पहिलं पूर्ण कीर्तन करशील ना, तेव्हा ही झांज तुझी." आम्ही दोघी खुंटीवर एकमेकींना हलकेच लागलो होतो, इतका आनंद झाला.

तो दिवस आला, आणि मित्रांनो, त्याच दिवसापासून मी एकटी आहे.

देवळात दरवर्षी सात दिवसांचा कीर्तन उत्सव असतो. शेवटच्या दिवसाचा मान मोठा. अकरा वर्षं तो सरांकडे होता. त्या वर्षी देवळाची मंडळी म्हणाली, "सर, औंदा पोरीला उभं करूया की. तुमचीच शिष्या." सर म्हणाले, "करूया की! आनंद आहे." ते हसत होते. पण मी त्यांच्या मुठीत होते. त्यांचा अंगठा माझ्या कडेवर इतका रुतला होता की पांढरा पडला होता.

आता एक रीत सांगते, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. कीर्तनकार जिथे उभा राहतो ती नारदाची गादी. तिथे जो उभा, तो त्या वेळी नारदाच्या जागी. मग तो वयाने लहान असो की मोठा. त्याने देवाखेरीज कुणापुढे वाकायचं नाही आणि बाकी सगळ्यांनी त्याच्यापुढे वाकायचं. आजोबांनी नातवापुढे वाकायचं, गुरूने शिष्यापुढे वाकायचं. पहिला भाग संपला की मध्यंतरात सगळे येऊन बुक्का लावतात, हार घालतात, पाया पडतात. तो मान माणसाचा नसतो, गादीचा असतो.

त्या संध्याकाळी संयोगिता गादीवर उभी राहिली. बावीस वर्षांची पोर, नऊवारी नेसलेली, हातात आम्ही. सुरुवातीला तिने आम्हाला जरा लवकरच वाजवलं. मग अभंग असा काही उघडला तिने, की मला वाटलं, आपण इतकी वर्षं वाजलो ते या एका दिवसासाठी. पहिला भाग संपला. चिमणाबाई काठी टेकत आल्या आणि नातीच्या वयाच्या पोरीच्या पायांवर डोकं ठेवलं. मागून रांग लागली. कीर्तन थेट दाखवणारा मोबाइलवाला पुढे सरकला.

शेवटी सर आले. हातात हार. ज्येष्ठ म्हणून हार त्यांनीच घालायचा होता. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि उभेच राहिले. हारही उचलेना, मानही वाकेना.

पोरगी गांगरली. इतक्या वर्षांची सवय, समोर सर. ती गादीवरून वाकली आणि तिने सरांचे पाय धरले.

चूक तिची झाली, पण ती चूक सावरणं सरांच्या हातात होतं. "गादीवर आहेस, वाकू नकोस," एवढे चार शब्द. हेच शब्द त्यांनी दुसऱ्यांना किती वेळा सांगितले होते! सरांनी तिला वाकू दिलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइककडे तोंड करून म्हणाले, "आख्यान माझं आहे. राहिलेलं मीच सांगतो."

आणि त्यांनी आम्हाला तिच्या हातातून ओढलं.

दोरी तुटली. मी सरांच्या मुठीत राहिले. माझी जोडीदार फरशीवर पडली, कडेवर उभी राहून गरगर फिरली, घरंगळत तबल्यापाशी गेली आणि तिथे आडवी झाली. तिच्या पडण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

बाबासोंनी तबल्यावरून हात काढला. तिला उचललं, तबल्याच्या पिशवीत घातलं.

"सर," ते म्हणाले, "दोरीचं सोडा, दोरी नवी मिळती. तुम्ही गादी मोडलीसा."

पोरीचा हात धरून ते निघून गेले. सरांनी आख्यान सांगितलं. तबला नाही, जोड नाही. बोटातल्या अंगठीवर मला आपटून सर गायले, 'शिडी ओढी मागे, कोण त्याच्या संगे'. एकेक माणूस चपला शोधत उठला. तेच पद, त्यांचंच पद, आणि त्यातला एक शब्दही सरांच्या कानात गेला नाही. मित्रांनो, सगळ्या शोकांतिका ज्याला पाठ होत्या, त्याला आपण कितव्या अंकात आहोत हे कळलं नाही.

पुढची तीन वर्षं थोडक्यात सांगते, कारण त्यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. एकटेपणात काहीच घडत नाही. सरांनी नवी झांज आणली. तबल्याला माणसं आली आणि गेली. आमंत्रणं कुणी भांडून बंद केली नाहीत. "औंदा जमंना झालंय सर, पुढल्या साली बघू," असं म्हणत सगळी थांबली. सर निवृत्त झाले. नवी झांज पेटीत गेली.

आणि मी? एक दिवस सरांना दुधाच्या छोट्या पातेल्यावर ठेवायला काही सापडेना. त्यांनी मला ठेवलं. मापाला बरोबर बसले. तेव्हापासून तीच माझी जागा. रोज सकाळी दूध तापायचं आणि माझ्या पोटातल्या भोकातून वाफ वर जायची, जिथून दोरी जायची तिथून. तांबट म्हणाला होता तेच झालं होतं. सर ओट्यापाशी उभ्याने चहा प्यायचे. कधी कधी भिंतीकडे बघून जुनं लेक्चर म्हणायचे, "नायकाला शेवटी कळतं, पण..." आणि तिथेच थांबायचे. चहावर साय धरायची.

एका बुधवारी सकाळी दारात काठी वाजली. चिमणाबाई आल्या होत्या. धापा टाकत उंबऱ्यावरच बसल्या.

"या मावशी. आत या की."

"आत न्हाई. गुडघं ऐकत न्हाईत. च्या करा, दूध जास्त घाला."

सरांनी मला पातेल्यावरून उचललं. चिमणाबाईंनी डोळे बारीक केले.

"हातात काय हाय त्ये? ही झांज न्हवं का? दत्ताच्या दारातली?" आणि त्या एकदम चढ्या आवाजात म्हणाल्या, "दुधावर झाकलीया व्हय हिला! मास्तर हायसा का कोण?"

सरांनी चहा दिला. चिमणाबाईंनी बशीत ओतून फुंकर मारली.

"सर, त्या राजाचं मला एक कळत न्हाई बघा. वर बसला, तहान लागली. शिडी कुणापाशी हुती?"

"त्याच्याचपाशी."

"मग सोडायची की खाली!"

सर म्हणाले, "सोडली असती तर नाटक तिसऱ्या अंकातच संपलं असतं, मावशी."

"मग काय बिघडलं असतं? लोक लवकर घरला गेली असती!" चिमणाबाईंनी बशी खाली ठेवली. "उद्या पोरगी उभी ऱ्हाणार हाय. तुमचं आख्यान सांगती, तुमचं नाव घेऊन सांगती. तीन वर्सं झाली, हातात झांज धरत न्हाई. चिपळ्या घेती. का म्हणून इचारलं तर म्हणती, सरांनी द्यायची हाय अजून."

त्या काठी टेकत निघून गेल्या. सर मला हातात धरून तसेच उभे होते. मग त्यांनी चिंच घेतली, राख घेतली, आणि मला घासायला बसले. तीन वर्षांची दुधाची पुटं निघेपर्यंत घासत होते. मधे मधे त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडत होतं. ते त्यांनी पुसलं नाही, त्यानेच घासलं.

गुरुवारी सर फेटा न बांधता गेले. मागे, चपलांच्या कडेला बसले. मी त्यांच्या उपरण्यात होते. संयोगिताचा आवाज आता भरला होता. बाबासोंचे केस पांढरे झाले होते, ठेका तोच होता. तो ऐकून माझं सगळं अंग शहारलं. काशाला शहारा येतो, मित्रांनो, हात लावून बघा कधी.

मध्यंतर झालं. रांग लागली. सर शेवटी जाऊन उभे राहिले. लोक वळून बघू लागले. रांग सरली आणि सर संयोगितासमोर आले.

तिची पाठ थोडी वाकली. सवय ती.

"सरळ!" तबल्यामागून बाबासोंचा दबका आवाज आला. "सरळ उभी ऱ्हा पोरी. गादीवर हाईस."

"बरोबर सांगतायत बाबासो," सर म्हणाले. "वाकायचं मला आहे."

आणि सर वाकले. कपाळ गादीच्या कापडाला टेकलं. बराच वेळ टेकलेलं होतं. संयोगिता ताठ उभी होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ती हलली नाही. तिला सरांनीच शिकवलं होतं तसं.

सरांनी मला तिच्या पायांपाशी ठेवलं. "ही तुझी," ते म्हणाले. "तीन वर्षं उशीर झाला. हिची जोडी बाबासोंकडे आहे. नवी दोरी मी आणली आहे." आणि त्यांनी खिशातून लाल दोरी काढली.

संयोगिताने बाबासोंकडे बघितलं आणि मान खाली घातली. मग बाबासोंनी बोट वर केलं. गाभाऱ्याच्या दारात नवी घंटा टांगलेली होती.

"गेल्या साली घंटा ओतायची हुती," ते म्हणाले. "घराघरांतनं काशाची भांडी गोळा केली. मी ती दिली, सर. घरात दिसली की तुमची याद यायची. वाटलं, देवाला लागू दे."

सर वर बघत राहिले. मीही. तिचा बारीक आवाज, पडताना गरगर फिरलेली तिची कडा, सगळं वितळून त्या घंटेत गेलं होतं. नवी दोरी सरांच्या तळहातावर तशीच पडली होती. शोकांतिकेत नायकाला शेवटी कळतं, पण उशिरा. तो उशीर केवढा असतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. लाल दोरीएवढा असतो. दोन टोकं असतात आणि बांधायला झांज एकच.

"उशीर झाला," सर पुटपुटले.

"झाला की," बाबासो म्हणाले. मग त्यांनी शेजारची सतरंजी हाताने झटकली. "बसा हितं. मागं ध्रुपद धराय माणूस कमीच हाय."

त्या संध्याकाळी आख्यान संयोगितानेच सांगितलं. तिने पद घेतलं आणि मागून ते झेलायला एक म्हातारा, जरा फाटलेला आवाज आला. 'कोण त्याच्या संगे'. बावीस वर्षं जो पुढे उभा राहून गायला, तो मागे बसून गात होता. मला तो आवाज पूर्वीपेक्षा गोड वाटला.

त्या लाल दोरीने त्यांनी मला देवळाच्या दाराशी टांगलं. आता दर गुरुवारी संध्याकाळी सर लवकर येतात, लाकडाच्या दांडीने मला एकदा वाजवतात. कीर्तनाची वेळ झाली असं गल्लीला कळतं. मी वाजते आणि माझा जाड आवाज एकटाच पुढे जातो. तो तिसरा सूर आता निघत नाही. मग कोणीतरी आत जाताना घंटेला हात लावतं, आणि त्या मोठ्या आवाजात कुठेतरी खोलवर मला ती ऐकू येते. मी तेवढ्यासाठी गुरुवारची वाट बघते.

मित्रांनो, तुमच्या घरात झांज असेल तर तिला पुसत जा आणि तिची दोरी बघत जा. भोकाजवळ झिजली असेल तर तुटायच्या आधी बदला. आणि कुठे माझ्यासारखी जोडीतली एकटी वस्तू पडलेली दिसली तर तिचं झाकण करू नका. तिची दुसरी कुणाकडे आहे ते आठवा. ती अजून वितळली नसेल तर आज जा. पुढल्या गुरुवारची वाट बघू नका.